ठाण्याची एका दिवसाची सहल: कचेरी, तलाव आणि पहिली आगगाडी

बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि निघताना २१ तोफांची सलामी. ठाण्याला तंबू ठोकून पाहुण्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था केली होती आणि मंडळी त्याच दिवशी मुंबईला परतली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी अख्खी गाडी राखून घेतली आणि घरची माणसं, मित्रमंडळी यांना घेऊन ते ठाण्याला जाऊन आले, अशी नोंद रेल्वेच्या इतिहासात सापडते. आगगाडीने सहकुटुंब ठाण्याला जायचं, तिथे काही खायचं, गाव बघायचं आणि दिवसाच्या दिवशी घरी यायचं, ही रीत अशी रुळांइतकीच जुनी आहे.

आज ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, मुलुंड, डोंबिवली, बदलापूर अशा चारी दिशांनी कुटुंबं रविवारी ठाण्यात उतरतात. त्यांचा रस्ता जवळजवळ ठरलेला असतो: स्टेशनाजवळ मिसळ, जांभळी नाका, कोपिनेश्वराचं दर्शन, मासुंदा तलावाच्या काठावर म्हणजे तलावपाळीवर फेरफटका आणि होडी, मग गोखले रोड नाहीतर राम मारुती रोडला खरेदी आणि परतीच्या आधी नौपाड्यात वडापाव. हा रस्ता कोणत्याही पर्यटन खात्याने आखलेला नाही. लोक कामासाठी या गावात येत होते आणि ताटकळत बसत होते, त्यातून तो पडत गेला. ठाण्याच्या खाण्याचा आणि पाहण्याचा इतिहास मला म्हणूनच वेगळा काढता येत नाही.

कामासाठी येणं फार जुनं. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक, म्हणजे आजचं ठाणं, हे राजधानीचं ठिकाण आणि बंदर होतं. राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा ताम्रपट १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना मिळाला. राजा अनंतदेवाच्या खारेपाटणच्या ताम्रपटात (इ.स. १०९४) दोन प्रधानांच्या मालाला जकात माफ केलेली आहे आणि ज्या बंदरांत ती माफी लागू होती त्यांत श्रीस्थानक, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि चेमुली म्हणजे चौल ही नावं आहेत. जकात माफ करावी लागते म्हणजे ती वसूल होत असणार, आणि वसूल होते म्हणजे माल घेऊन येणाऱ्यांची वर्दळ असणार. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याचं वर्णन एक राज्य म्हणून केलं आहे. इथल्या कातड्याचा आणि सुती कापडाचा व्यापार त्याने नोंदला आणि चाच्यांशी राजाचं संगनमत असल्याचंही सांगितलं.

शिलाहारांचं ठाणं प्रत्यक्ष पाहू गेलं तर मात्र निराशा होते. देवळं पडली, दगड दुसऱ्या बांधकामांत गेले, मूर्ती तळ्यांच्या गाळात सापडत राहिल्या. त्या काळचं दगडी काम कसं होतं हे मुलांना दाखवायचं असेल तर त्यांना सरळ अंबरनाथला न्यावं, तिथल्या शिवमंदिरातला शके ९८२ (इ.स. १०६०) चा लेख शिलाहार राजा मुम्मुणीच्या, म्हणजेच माम्वाणीच्या काळचा आहे. ठाण्यात त्या काळाची आठवण राहिली ती तलावांच्या रूपाने आणि कोपिनेश्वराच्या नावाने. आजचं कोपिनेश्वर मंदिर १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधून घेतलं. आतलं शिवलिंग इतकं मोठं आहे की पहिल्यांदा आलेलं मूल हमखास थबकतं. ते मासुंदा तलावातून वर आलं असं जुने ठाणेकर सांगतात.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि गावाचं रूप बदललं. त्यांच्या अमलात ठाण्यात रेशमाचे माग चालत. ख्रिस्ती विणकरांची रेशीम विणण्याची ती परंपरा पुढे इंग्रजी काळापर्यंत टिकली. मासुंद्याच्या काठचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च ही त्याच काळाची खूण. पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी किल्ल्याचं काम १७३० साली हाती घेतलं, पण ते पूर्ण होण्याआधीच, मार्च १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं जिंकलं. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी या मोहिमेसाठी वर्षानुवर्षं खटपट केली होती. दोन वर्षांनी वसईही पडली. कोपिनेश्वराचा जीर्णोद्धार ठाण्याच्या विजयानंतर तेवीस वर्षांनी झालेला आहे, हे देवळाच्या पायरीवर उभं राहून लक्षात घेतलं की त्या बांधकामामागची भावना कळते.

मराठ्यांकडे किल्ला चाळीस वर्षंही राहिला नाही. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी तो हल्ला करून घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे ते, कायमची त्यांच्याकडे गेली. पुढे त्यांनी किल्ल्याचा तुरुंग केला. याच तुरुंगातून सप्टेंबर १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे निसटले. तटाखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाणं म्हणत असे आणि त्या गाण्यात पळून जाण्याची सगळी खूण होती. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हतं, असं सांगतात. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल इथेच फाशी दिली गेली.

ठाण्यातली सर्वांत मोठी ऐतिहासिक वास्तू ही, आणि सहलीला आलेल्या कुटुंबाला ती फक्त बाहेरून, भिंत म्हणून दिसते. आत आजही मध्यवर्ती कारागृह आहे. किल्ला लोकांना पाहण्यासाठी खुला व्हावा ही मागणी अनेकदा झाली आहे आणि मला ती मनापासून पटते. वसईचा किल्ला मुलांना तासभर फिरून पाहता येतो, कल्याणच्या दुर्गाडीवर चढून खाडी बघता येते. ठाण्याच्या किल्ल्याची गोष्ट मात्र रस्त्यावर उभं राहून सांगावी लागते. तरी ती सांगावीच. बहुतेक जण त्या भिंतीजवळून रिक्षाने निघून जातात आणि बरोबरच्या मुलांना तो किल्ला आहे हे माहीतही होत नाही.

इंग्रजांनी ठाण्याला जिल्ह्याचं मुख्यालय केलं आणि आजच्या खाद्यसहलीचा पाया तिथे घातला गेला. कलेक्टर कचेरी, कोर्ट, तुरुंग, मामलेदार म्हणजे तहसीलदार कचेरी, पुढे सिव्हिल हॉस्पिटल, सगळं हाकेच्या अंतरावर. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू, जव्हार, मोखाड्यापासूनच्या माणसांनाही जिल्ह्याच्या कामासाठी ठाणंच गाठावं लागे. मुरबाड, शहापूर, भिवंडीची माणसं तर यायचीच. सात-बाराचा उतारा, जातीचा दाखला, जमिनीच्या दाव्याची तारीख अशी कामं. माणूस पहाटे घरून निघायचा, साहेब जागेवर नसायचे, तारीख पुढे ढकलली जायची. बरोबर बायको, एखादं मूल, कधी म्हातारी आई. दुपारपर्यंत पोटात आग पडायची. अशा माणसाला हवं असतं स्वस्त, गरम, तिखट आणि लगेच पानात पडणारं खाणं.

मामलेदार मिसळ ही या गरजेतून उभी राहिली. तहसीलदार कचेरीच्या आवारातलं ते उपाहारगृह कचेरीच्या नावानेच ओळखलं जाऊ लागलं. उसळ, फरसाण, वरून तर्री, कांदा, पाव. तिखट किती हे आधी सांगायचं: कमी, मध्यम की तिखट. मध्यमसुद्धा नाकातून पाणी काढतं, त्यामुळे ताकाचा ग्लास हाताशी ठेवावा. पुढे ठाण्यात तिच्या शाखा निघाल्या, पण जुन्या जागी बाकावर अनोळखी माणसाला खेटून बसून खाण्यात जी चव आहे ती मला तिथेच मिळते. पूर्वी शेजारी फायली घेतलेला पक्षकार बसायचा, आता मोबाईलवर फोटो काढणारी मुलं असतात. कारण बदललं, भूक तीच आहे.

नौपाड्याचं खाणं निराळ्या वस्तीतून आलं. वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकात उभी राहिली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले आणि गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांतून निघालेली मराठी नोकरदार कुटुंबं ठाण्यात फ्लॅट घेऊ लागली. नवरा-बायको दोघंही लोकलने नोकरीला जाणारी. संध्याकाळी घरी जाताना पोळी-भाजी, अळूवडी, साबुदाणा वडा, चतुर्थीला उकडीचे मोदक विकत मिळावेत, ही त्यांची निकड. घरगुती पदार्थांची केंद्रं, फराळाची दुकानं, मिठाईवाले यांना गिऱ्हाईक मिळालं ते या वर्गाचं. गजानन वडापावची बेसनाची पिवळी चटणी ही नौपाड्याची स्वतःची ओळख. बाकी मुंबईत वडापावबरोबर लसणाची सुकी चटणी मिळते. इथे पातळ, पिवळी चटणी वड्याबरोबर मिळते आणि ती दुसऱ्यांदा मागून घेण्यात कोणाला संकोच वाटत नाही.

चेंदणी कोळीवाड्याचा उल्लेख सहलीच्या गप्पांत फार कमी होतो, त्याचं वाईट वाटतं. गावाची मूळ वस्ती तीच, बंदर त्यांचं. रेल्वे आली तेव्हा चेंदणीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. १ मे १८५४ रोजी खाडीवरच्या पुलावरून गाडी कल्याणला पोचली आणि होडीने खाडी ओलांडण्याचं महत्त्व उतरणीला लागलं. ज्यांच्या होड्यांनी हे गाव शतकानुशतकं जगाशी जोडलं होतं, त्यांच्या वस्तीतून रूळ गेले.

आता तलावपाळी. मासुंदा पूर्वी आजच्यापेक्षा बराच मोठा होता. भराव पडत गेला आणि तलावाकाठी रस्ता, बाजार, इमारती आल्या. ठाण्यात एके काळी साठच्या वर तलाव होते असं सांगतात, त्यातले आता निम्म्याच्या आसपास उरलेत. मासुंदा वाचला त्याचं एक कारण मला असं वाटतं की त्याच्या भोवती प्रत्येकाचं काहीतरी होतं. एका बाजूला कोपिनेश्वर, दुसरीकडे चर्च, थोडं पुढे टेंभी नाक्याला पारशांची अग्यारी आणि बेने इस्रायली ज्यूंचं १८७९ सालचं सिनेगॉग. इतक्या धर्मांची प्रार्थनास्थळं पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरात, आणि तीही रोज वापरात असलेली, ही गोष्ट सहलीला येणाऱ्यांनी मुद्दाम बघावी अशी आहे. १९७८ साली तलावाकाठी गडकरी रंगायतन उभं राहिलं आणि सहलीत नाटकाची भर पडली: दुपारचा प्रयोग, मध्यंतरात बटाटावडा, सुटल्यावर होडी आणि भेळ. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पहिलं नाटक असंच पाहिलं.

वाचणाऱ्यांसाठी एक थांबा सुचवतो. मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी ठाण्यात स्थापन झालं. संस्थापकांमध्ये विनायक लक्ष्मण भावे होते. त्यांचा व्यवसाय मिठाचा. खाडीकाठच्या मिठागरांशी जोडलेल्या एका माणसाने मराठीतली छापील पुस्तकं एका ठिकाणी जमवायची असं मनावर घेतलं, आणि ती संस्था अजून उभी आहे. सुभाष पथावरची तिची इमारत तलावपाळीपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

नवी मुंबईकर या रस्त्यावर उशिरा आले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. ऐरोली, कोपरखैरणे, वाशीचे सेक्टर आखले गेले तेव्हा शाळा, बाजार, बागा सगळं कागदावर आलं, पण तीनशे वर्षांचा बाजार आणि तळ्याकाठचं देऊळ आखून मिळत नाही. सणाच्या खरेदीला, पूजेच्या सामानाला, सोनं घ्यायला दादर तरी गाठावं लागे नाहीतर ठाणे-बेलापूर रस्त्याने बसमध्ये धक्के खात ठाणं. २००४ साली ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लोकल सुरू झाली आणि ऐरोलीहून ठाणं काही मिनिटांवर आलं. नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांवर रविवारी सकाळी उतरणारी गर्दी पाहिली तर जांभळी नाक्याच्या दुकानदारांना या गाडीने काय दिलं ते कळतं.

या आठवड्यात येणार असाल तर क्रम उलटा करून बघा. आधी कोपिनेश्वर, सकाळी आठच्या आत, गर्दी व्हायच्या आधी. मग चालत टेंभी नाका, तिथून कारागृहाच्या भिंतीपर्यंत, आणि तिथे उभं राहून मुलांना त्र्यंबकजींची आणि कान्हेऱ्यांची गोष्ट. त्यानंतर मिसळ. श्रावण सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. त्या दिवशी देवळाची रांग थेट बाजारात शिरते आणि लहान मुलांचे हाल होतात. आणि निघण्यापूर्वी स्टेशनात १८५३ च्या पहिल्या गाडीची आठवण म्हणून काय काय लावलेलं आहे ते मुलांना शोधायला सांगा.