‘एम्पायर: टोटल वॉर’मधील ब्रिटनची व्यूहनीती

‘एम्पायर: टोटल वॉर’ हा अठराव्या शतकातील सत्तासंघर्षावर बेतलेला संगणकीय युद्धखेळ. इंग्लंडमधील ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ने तो तयार केला आणि ‘सेगा’ने मार्च २००९ मध्ये बाजारात आणला. २०२४ पासून तो मोबाइलवरही खेळता येतो. खेळाडू एक राज्य निवडतो आणि १७०० सालापासून त्याचा कारभार हाती घेतो. वर्षाला दोन टर्न, म्हणजे दोन पाळ्या मिळतात. छोटी मोहीम १७५० मध्ये संपते आणि मोठी १७९९ मध्ये, म्हणजे मोठ्या मोहिमेला साधारण २०० टर्न लागतात. कर, इमारती, तह आणि सैन्याच्या हालचाली नकाशावर टर्नागणिक ठरतात. लढाई मात्र चालू घड्याळावर खेळावी लागते. जहाजांची लढाईही खेळाडूने स्वतः लढायची, ही सोय या मालिकेत सर्वप्रथम याच खेळात आली. नकाशाचे युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन मोठे विभाग आहेत. त्यांशिवाय ब्राझीलचा किनारा, पश्चिम आफ्रिका, मादागास्करची सामुद्रधुनी आणि पूर्वेकडील मसाल्यांची बेटे अशी चार व्यापारी क्षेत्रे आहेत. ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, प्रशिया, रशिया, उस्मानी साम्राज्य अशा सत्तांबरोबर मराठेही खेळाडूला निवडता येतात. मराठी खेळाडूंचे या खेळाशी वेगळे नाते जुळते ते त्यामुळेच.

ब्रिटन घेऊन हा खेळ जिंकायचा तर एक गोष्ट पहिल्या टर्नपासून ध्यानात ठेवावी लागते. या राज्याचा तट आणि खजिना दोन्ही पाण्यावर आहेत. प्रशियाचा खेळाडू सगळ्या सीमांवर फौज ठेवून थकून जातो. ब्रिटनला तो खर्च नाही, मात्र त्याच्या बदल्यात आरमाराचा खर्च आहे, आणि तो भागवायला समुद्रावरचाच व्यापार लागतो. हे चक्र सुरू झाले की ब्रिटनला अडवणे अवघड होते. ते सुरू होण्याआधीच खेळाडू जमिनीवरच्या लढायांत गुंतला, तर पहिल्या वीस-तीस टर्नांतच तिजोरी रिकामी होते.

आरंभी ब्रिटनकडे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड असतात. समुद्रापलीकडे जमैका, बहामा आणि हडसन उपसागराभोवतीचा थंड, ओसाड रूपर्ट्स लँड असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तेरा वसाहती थेट ताब्यात नसतात, संरक्षित राज्य म्हणून वेगळ्या नांदतात. राज्यव्यवस्था घटनात्मक राजेशाहीची आणि गादीवर तिसरा विल्यम. इतिहासाशी इथे पहिली तफावत दिसते. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे ‘ग्रेट ब्रिटन’ १७०७ च्या कायद्याने झाले, खेळात ते १७०० मध्येच एक आहेत. उलट जिब्राल्टर १७०४ मध्ये इंग्रज-डच आरमाराने खरोखर घेतले होते, ते इथे स्पेनच्या हाती असते आणि खेळाडूला स्वतः जिंकावे लागते. भूमध्य समुद्राच्या दारातली ही जागा लवकर घेतलेली बरी, कारण तिथे नांगर टाकलेला तांडा दोन समुद्रांवर नजर ठेवतो.

आरमार आणि व्यापार

पहिले काम इंग्लिश खाडीचे. हाताशी असलेली लढाऊ गलबते ठिकठिकाणी विखरून न ठेवता एकत्र करावीत आणि बेटाच्या दक्षिणेला उभी करावीत. खेळ नवा होता तेव्हा संगणकाच्या फौजा समुद्र ओलांडून किनाऱ्यावर उतरतच नसत आणि ब्रिटनचा खेळाडू निर्धास्त असे. पुढच्या सुधारणांत हा दोष काढला गेला. त्यामुळे जुन्या सल्ल्यावर विसंबून लंडन रिकामे सोडणे आता योग्य नाही. शिबंदी थोडी असली तरी चालते, पण ती असावी.

दुसरे काम व्यापारी क्षेत्रांचे, आणि खेळाचा निकाल बहुतांशी इथेच लागतो. प्रत्येक क्षेत्रात ठरावीक नाकी आहेत. नाक्यावर ज्याची व्यापारी जहाजे आधी पोहोचतात, माल त्याचा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हस्तिदंत मिळतो, पूर्वेच्या बेटांवर मसाले. ब्रिटनने ‘इंडियामन’ जातीची जहाजे अगदी पहिल्या टर्नपासून बांधायला घ्यावीत. एकेका नाक्यावर आधी एकच जहाज ठेवून जास्तीत जास्त नाकी अडवावीत आणि भर नंतर घालावी. नाक्यावरचे पहिले जहाज सर्वाधिक कमावते, पुढच्या प्रत्येक जहाजाची भर कमी होत जाते. शिवाय एकच माल बाजारात फार आला की त्याचा भावही उतरतो. जहाजे पसरून ठेवण्यामागचे हिशेब हे असे आहेत. व्यापारी जहाजांच्या सोबतीला एखाद-दुसरे लढाऊ गलबत लागतेच, नाहीतर वर्षभराची कमाई एका चकमकीत जाते.

या व्यापाराबद्दल एक गोष्ट नोंदवायलाच हवी. खेळातल्या मालाच्या यादीत साखर, तंबाखू, कापूस, कॉफी, चहा, लोकर-कातडी, हस्तिदंत आणि मसाले आहेत, माणसे नाहीत. प्रत्यक्षात त्याच शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून लाखो माणसे गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली गेली, आणि जमैकाची साखर त्यांच्याच घामावर पिकली. खेळाडूच्या पडद्यावर जमैकाचा मळा उत्पन्नाचा एक आकडा म्हणून दिसतो. खेळ शिकताना त्या आकड्यामागचा इतिहास ठाऊक असावा, असे मनापासून वाटते.

कॅरिबियन समुद्रात चाचे हे स्वतंत्र राज्य म्हणून वावरतात. त्यांचे सगळ्यांशी वैर आणि त्यांच्याशी तह होत नाही. अँटिग्वा आणि त्रिनिदाद ही त्यांची ठाणी. ते व्यापारी मार्गांवर बसून राहतात आणि जमैकाचे उत्पन्न लंडनला पोहोचू देत नाहीत. त्यांची जहाजे आरंभीच्या काळाला भारी पडणारी असतात, म्हणून समुद्रावर त्यांच्याशी बरोबरीने भिडण्यापेक्षा त्यांचा मुख्य तांडा दुसरीकडे गुंतलेला असताना बेटावर फौज उतरवून ठाणेच घ्यावे. दोन्ही बेटे गेली की चाच्यांचा आधार तुटतो आणि साखरेची दोन बेटे आपल्याकडे येतात.

समुद्रातली लढाई वाऱ्यावर चालते. वारा पाठीशी किंवा बाजूला असेल अशा बेताने यायचे, जहाजांची एक रांग धरायची आणि शत्रूच्या रांगेला कडेच्या तोफांचा मारा द्यायचा. गोळ्यांचे तीन प्रकार आहेत. गोल गोळा जहाजाचे लाकूड फोडतो, साखळीचा गोळा डोलकाठ्या आणि शिडे पाडतो, छर्रे खलाशांना टिपतात. नवखा खेळाडू सगळे गोळे लाकडावरच खर्चतो आणि शत्रूचे जहाज बुडवून समाधान मानतो. आधी साखळीने त्याला पांगळे करावे, मग जवळ जाऊन छर्रे मारावेत आणि शेवटी ताबा घ्यावा. पकडलेले जहाज आपल्या आरमारात दाखल होते आणि गोदीत नवे बांधण्याचा पैसा व वेळ दोन्ही वाचतात. जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकण्याचे तंत्र आणि कॅरोनेड जातीची आखूड तोफ ही संशोधने ब्रिटनने लांबणीवर टाकू नयेत.

पॅरिस

युरोपात ब्रिटनचा खरा प्रतिस्पर्धी फ्रान्स. खेळाच्या नकाशाची एक विचित्र रचना इथे उपयोगी पडते. अल्सेस-लोरेन वगळता जवळजवळ सगळा फ्रान्स हा एकच प्रदेश आहे आणि त्याची राजधानी पॅरिस. पॅरिस पडले की तेवढा सगळा देश एका दिवसात हाती येतो. स्पेनचेही जवळपास तसेच आहे. सप्तवार्षिक युद्धासारख्या दीर्घ संघर्षाची इथे गरजच पडत नाही. खाडी ओलांडून २० तुकड्यांची एक भरलेली सेना उतरवायची, फ्रेंच फौज ऱ्हाइनकडे गुंतलेली असताना पॅरिस गाठायचे, बस. त्या शतकातल्या कोणत्याही ब्रिटिश मंत्र्याला असा विचार शिवला नसता. त्यांची रीत होती मित्रराजांना पैसा पुरवून फ्रान्सला युरोपात अडकवून ठेवण्याची आणि त्या अवधीत समुद्रापारच्या वसाहती घेण्याची. १७५९ मध्ये क्वेबेकच्या पठारावर आणि किबेरों उपसागरात मिळालेले विजय याच रीतीचे फळ.

दोन्ही वाटांनी खेळ जिंकता येतो. पॅरिसची वाट जलद आहे, पण त्यानंतरचे दिवस कठीण. परकी सत्तेविरुद्धचा असंतोष वर्षानुवर्षे टिकतो, भरीला धर्मही वेगळा. जिंकल्यावर काही वर्षे तिथला कर माफ करावा, निम्मी सेना शहरातच ठेवावी आणि मोडलेल्या इमारती आधी दुरुस्त कराव्यात. घाईने कर बसवला तर बंड ठरलेले. शिवाय पॅरिस गेले म्हणून फ्रान्स संपत नाही. अमेरिकेतल्या वसाहती उरल्या असतील तर तिथून तो लढत राहतो. म्हणून खाडी ओलांडण्याआधी न्यू फ्रान्सवर एक सेना पाठवून ठेवणे श्रेयस्कर. अमेरिकेतल्या नेमून दिलेल्या कामगिऱ्या पूर्ण केल्या की तेरा वसाहती ब्रिटनच्या थेट अमलाखाली येतात. मोहिमेतला हा फार मोठा लाभ आहे, आणि अमेरिकेकडे लवकर लक्ष देण्याचे तेवढे एक कारण पुरेसे ठरते.

संशोधन आणि रणांगण

संशोधनाच्या लष्करी, औद्योगिक आणि तत्त्वज्ञानविषयक अशा तीन शाखा आहेत. विद्यापीठात ‘जंटलमन’ नावाच्या विद्वान पात्रांना बसवले की वेग वाढतो. पैशाची चणचण असेल तेव्हा तयार तंत्र दुसऱ्या राज्याला विकता येते, मात्र फ्रान्स-स्पेनला लष्करी तंत्र कधीही विकू नये. तत्त्वज्ञानाची शाखा आणि शाळा-विद्यापीठे वाढली की प्रजा सुधारणांची मागणी करू लागते. एकाच प्रदेशात सगळी विद्यालये दाटीने बांधली तर तिथे दंगे होतात, तेव्हा ती दोन-तीन प्रदेशांत वाटावीत.

लष्करी शाखेत सगळ्यात आधी रांगांच्या गोळीबाराचे तंत्र मिळवावे. ते येईपर्यंत पायदळाची फक्त पुढची रांग बार काढते, मागचे नुसते उभे असतात. ते आले की रांगा आळीपाळीने गुडघे टेकून झाडतात आणि त्याच तुकडीचा मारा कितीतरी पटींनी वाढतो. या एका शोधाआधी आणि नंतर लढलेली लढाई म्हणजे दोन वेगळे खेळ वाटावेत इतका फरक पडतो. रणांगणावर ब्रिटनचे लाल डगलेवाले पायदळ पातळ, लांब रांगेत उभे करावे, तोफा मध्ये ठेवाव्यात, आणि त्यांच्यापुढे आपली माणसे येणार नाहीत हे पाहावे, कारण आपलाच गोळा आपल्याच पाठीत बसतो. घोडदळ दोन्ही बगलांना राखून ठेवावे आणि शत्रूची रांग डळमळल्यावरच सोडावे. शत्रूचे घोडेस्वार अंगावर आले तर चौकोन बांधावा.

हिंदुस्थान

ब्रिटनच्या खेळाडूने हिंदुस्थान शेवटी घ्यावा. १७०० मध्ये मुंबई, मद्रास आणि बंगालात इंग्रज कंपनीच्या वखारी प्रत्यक्षात होत्या; मुंबई तर १६६८ पासून कंपनीकडे होती. खेळात ब्रिटनकडे हिंदुस्थानची वीतभरही जमीन नसते. गोवा पोर्तुगालकडे आणि सिंहल डचांकडे असते. पाय ठेवायला या दोनच सोयीच्या जागा. सिंहल घेणे अधिक चांगले, कारण बेट असल्याने त्याचे रक्षण आरमारच करते. गोवा घेतला की मराठ्यांची सीमा लगेच भिडते.

आणि मराठे हा इथला खरा प्रश्न आहे. संगणकाच्या हाती असलेले मराठे बहुतेक मोहिमांत मुघलांना गिळत उत्तरेपर्यंत पसरतात. उशिरा आलेल्या ब्रिटनला मग एका तुकड्या-तुकड्यांच्या देशाऐवजी एकसंध बलाढ्य सत्ता सामोरी येते. हे चित्र पाहून मराठी खेळाडूला अभिमान वाटतो, पण १७०० चे वास्तव फार वेगळे होते. त्या मार्च महिन्यात राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने घेतला आणि ताराबाईंनी राज्य हाती घेऊन लढा चालू ठेवला. खेळ ज्याला मराठ्यांचा राज्यसंघ म्हणतो तो शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले या सरदारांच्या उदयानंतर पुढच्या दशकांत आकाराला आला.

तुकड्यांच्या नावांतही असाच घोटाळा आहे. मराठ्यांकडे ‘बारगीर’ नावाचे पायदळ दाखवले आहे. आपल्याकडे बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. पायी बारगीर हा शब्दच संभवत नाही. त्याहून मोठी उणीव समुद्रावरची. कान्होजी आंग्र्यांनी १७२९ पर्यंत कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना दाद दिली नाही, आणि विजयदुर्ग घ्यायला वॉटसन आणि क्लाइव्हला १७५६ उजाडावे लागले. खेळात ब्रिटनचा तांडा मात्र या किनाऱ्यावरून फारशा अडचणीविना जातो. खेळाडूच्या दृष्टीने ही सोयच आहे. मराठ्यांशी जमिनीवर समोरासमोर लढण्याआधी त्यांची बंदरे कोंडावीत, व्यापार तोडावा, आणि म्हैसूर टिकून असेल तर त्याच्याशी मैत्री करावी.

जमिनीवर हत्तींचे भय वाटते, पण तोफेच्या छर्ऱ्यांपुढे ते टिकत नाहीत आणि उधळले तर स्वतःच्याच पायदळात शिरतात. धोका हलक्या घोडदळाचा. ते बगल देऊन थेट तोफांवर येते. प्रत्येक तोफखान्यामागे पायदळाची एक राखीव तुकडी ठेवावी आणि सेना घाटावर फार आत नेऊ नये. जानेवारी १७७९ मध्ये पुण्याकडे निघालेली इंग्रज फौज वडगावला अशीच रसद तुटून अडकली आणि तिला शरण यावे लागले. खेळात रसदीचा हिशेब नाही, पण तुटलेल्या तुकड्यांत नवी माणसे भरायला जवळ आपला प्रदेश लागतो, आणि सिंहलहून साताऱ्यापर्यंतची वाट लांब आहे. मधला एखादा किनारी प्रदेश घेऊन तिथे छावणी बांधली तरच दुसरी लढाई लढता येते. मोठी मोहीम १७९९ ला थांबते. प्रत्यक्षात पेशवाईचा अंत त्यानंतर १९ वर्षांनी झाला. खेळात तेवढी सवड नाही, त्यामुळे खेळाडूला सातारा घ्यायचा असेल तर १७८० च्या आत जहाजे हाकारावी लागतात.