जतन करताच सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये

विकिपीडियाच्या प्रत्येक भाषेत 'मीडियाविकी:कॉमन.जेएस' हे पान असते. इतर पानांसारखाच त्यालाही इतिहास असतो, चर्चापान असते. पण त्यावरचा जावास्क्रिप्ट कोड जतन करताच तो विकी उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. वाचक प्रचालक, म्हणजे पाने वगळण्यासारखे जादा अधिकार असलेला सदस्य, असेल आणि त्याने लॉग-इन केलेले असेल, तर हाच कोड त्याच्या नावाने पाने वगळूही शकतो.

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मूळ मीडियाविकी सॉफ्टवेअरमध्ये असा थेट बदल करता येत नाही. २०१२ पासून तो आधी गेरिट या कोड तपासणीच्या संकेतस्थळावर जातो, दुसरा कुणीतरी वाचून शेरे देतो, मग तो स्वीकारला जातो. कॉमन.जेएसला ही पायरीच नव्हती. एक कंस राहिला तरी त्या पानावरचा सगळा कोड बंद पडायचा, आणि हे कळायचे जतन केल्यावर.

तरीही ही मोकळीक मोलाची होती, असे मला मनापासून वाटते. आपल्या लिपीची अडचण, आपल्या संपादकांना लागणारे बटण, यासाठी दूरच्या अभियंत्यांची वाट पाहावी लागत नव्हती.

ऑगस्ट २०१४ मध्ये याच पानावरून ठिणगी पडली. चित्रावर क्लिक करताच ते काळ्या पडद्यावर मोठे दाखवणारा 'मीडिया व्ह्यूअर' जर्मन विकिपीडियाच्या समुदायाने मतदान करून नाकारला होता. एका प्रचालकाने कॉमन.जेएसमध्ये कोड घालून तो बंद केला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेने तो बदल उलटवला आणि 'सुपरप्रोटेक्ट' नावाचे नवे कुलूप आणून ते पान प्रचालकांनाही बंद केले. कोडमध्ये दोष असता तर तो दाखवून दुरुस्त करता आला असता. इथे समुदायाचा निर्णयच अडवला गेला. रोष मोठा होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते कुलूप काढावे लागले.

२०१८ मध्ये वेगळा मार्ग निघाला. तोवर कोणताही प्रचालक हा कोड बदलू शकत होता. त्या ऑगस्टपासून तो अधिकार 'इंटरफेस प्रचालक' या छोट्या गटाकडे गेला. त्यांची निवड समुदायच करतो, आणि त्यांना लॉग-इनसाठी द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डसोबत आणखी एक पुरावा) सक्तीची झाली. हे मला रास्त वाटते. चावी घरातच राहिली, फक्त मोजक्या हातांत. पण त्या हातांनी केलेला बदल जतन होण्याआधी दुसऱ्याने वाचलाच पाहिजे, असे बंधन त्यातून आले नाही.

सदस्य स्वतःपुरता जो कोड लावतात, त्या वैयक्तिक स्क्रिप्टचा प्रश्न तर याहून बिकट. कुणीतरी उपयुक्त साधन लिहितो, इतर संपादक एका ओळीने ते आपल्याकडे ओढून घेतात, कधी दुसऱ्या भाषेच्या विकीवरूनही. मूळ लेखकाने त्यात रात्री काही बदलले, तर सकाळी तोच बदललेला कोड या सगळ्यांच्या नावाने चालू असतो.