दोन लेकरं, एक गाडी: डबल बाबागाडी घेण्याआधी वाचा

डबल बाबागाडी बघायला येणारे बहुतेक जण आधी रंग विचारतात, मग किंमत. आम्ही त्यांना तीन गोष्टी विचारतो: धाकटं किती महिन्यांचं आहे, घराचं दार किती रुंद आहे आणि गाडी रोज ढकलणार कोण? एवढं कळलं की दुकानातल्या निम्म्या गाड्या आपोआप बाजूला होतात. उरलेल्यांतून निवडायला मग वेळ लागत नाही. हे पत्रक घरी नेऊन निवांत वाचा आणि टेप हाताशी ठेवा.

दार, लिफ्ट आणि डिकी

डबल गाडी दोन तऱ्हेची असते. एकीत मुलं शेजारी-शेजारी बसतात, दुसरीत पुढे-मागे. शेजारची गाडी साधारण ७० ते ८० सेंटिमीटर रुंद असते. पुढे-मागेची एकेरी गाडीइतकीच, म्हणजे ६० च्या आसपास, पण लांबीला सव्वा मीटरपर्यंत जाते.

अडीच फुटी दार म्हणजे ७६ सेंटिमीटर. पण ते चौकटीचं माप झालं. झडप उघडल्यावर तिची जाडी, कडी आणि बिजागरी मिळून चार-पाच सेंटिमीटर सहज खातात. म्हणून दार पूर्ण उघडा आणि मोकळी जागा मोजा. सोलापुरातल्या साखर पेठ, बाळीवेस भागातल्या जुन्या घरांना दोन झडपांचं दार असतं आणि त्यातली एक झडप वर्षानुवर्षं खिट्टी लावून बंद असते. ती उघडत असेल तर तुमचा प्रश्न तिथेच सुटला. उंबराही बघा. चार बोटं उंच उंबऱ्यावरून दोन मुलांसकट गाडी रोज चढवायची म्हणजे कंबरेचं काम आहे.

जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या फ्लॅटवाल्यांनी लिफ्ट मोजावी. सहा माणसांच्या लिफ्टचं दार बहुधा ७० सेंटिमीटरचं असतं आणि आत साधारण एक मीटर जागा. शेजारची गाडी दारात अडते. पुढे-मागेची दारातून आत जाते आणि मग तिचं शेपूट बाहेर राहतं! अशा ठिकाणी गाडीची घडी घालून न्यावी लागते आणि तेवढ्यात दोन्ही मुलं कोणाच्या तरी कडेवर हवीत. घरात दिवसा एकच मोठं माणूस असेल तर याचा विचार आधी करा.

गाडीची डिकी मोजताना सीएनजीची टाकी वगळून मोजा. कंपनीच्या पुस्तकातलं माप टाकीशिवायचं असतं.

धाकट्याचं वय

या मुद्द्यावर आम्ही तडजोड करत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची मान आणि पाठ पुरती बळकट झालेली नसते. सीट अर्धवट कलती असेल तर झोपेत त्याची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. त्याला पाठ पूर्ण सपाट होणारी सीटच लागते. जुळी वेळेआधी झालेली असतील तर हे सहा महिने कसे धरायचे, ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. जुळी बऱ्याचदा लवकरच येतात.

आता गंमत बघा. पुढे-मागेच्या बऱ्याच गाड्यांत सपाट होणारी सीट एकच असते, ती बहुधा मागची. थोरलं दोन वर्षांचं आणि धाकटं दोन महिन्यांचं असेल तर हे छान जमतं. तान्ह्या जुळ्यांना मात्र ती गाडी निरुपयोगी. त्यांच्यासाठी दोन्ही पाठी सपाट होणारी गाडीच बघावी लागते, ती बहुधा शेजारची. छत्रीसारखी मिटणारी हलकी डबल गाडी दिसायला सुटसुटीत, पण तिच्या पाठी बहुधा पुरत्या आडव्या होत नाहीत. ती सहा महिन्यांनंतरच.

जाता जाता, ही छत्रीची घडी १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या इंग्रज इंजिनिअरने काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची खाली-वर होणारी चाकं त्यांच्या हातची होती. विमानाचं पोटात जाणारं चाक आणि काखेत मावणारी बाबागाडी, डोकं एकाच माणसाचं.

वजन आणि मुलांची भांडणं

बऱ्याच गाड्यांवर एका सीटची मर्यादा १५ किलो छापलेली असते, काहींवर २२. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १४ किलोच्या थोडं वर आहे आणि चार वर्षांच्याचं १६ च्या वर. म्हणजे थोरलं आत्ताच तीनचं असेल तर १५ किलोवाली गाडी तुम्हाला फार दिवस पुरणार नाही.

शेजारच्या गाडीत एका बाजूला तेरा किलो आणि दुसरीकडे पाच किलो बसलं की गाडी जड बाजूला ओढते. सरळ ढकलायला मनगट सतत वळवून धरावं लागतं. हे रिकाम्या गाडीवर कळत नाही. म्हणून आम्ही दुकानात ज्वारीच्या दोन पिशव्या ठेवल्यात, एक मोठी, एक लहान. त्या सीटवर ठेवून, पट्टे लावून, एका हाताने गाडी वळवून बघा. दुसऱ्या हातात घरी काही ना काही असणारच.

पुढे-मागेच्या गाडीत फूटपाथवर चढताना पुढचं मूल मागच्या चाकांपासून लांब बसलेलं असतं, त्यामुळे हँडल दाबून पुढची चाकं उचलायला भलताच जोर लागतो. आजी-आजोबा फिरवणार असतील तर त्यांना सोबत आणा आणि त्यांनाच करून बघू द्या. अशा गाडीत आधी पुढच्या मुलाला बसवायचं आणि उतरवताना आधी मागच्याला. उलट केलं तर गाडी मागे उलटू शकते. हँडलला भाजीची पिशवी अडकवली तरी तेच: मूल उचललं, की पिशवीच्या भाराने गाडी आडवी.

शेजारी बसलेली मुलं एकमेकांचे केस ओढतात, मागे बसलेलं पुढच्याच्या पाठीत लाथा घालतं. यावर आमच्याकडे गाडी नाही.

आपले रस्ते, आपलं ऊन

लहान, कडक प्लास्टिकची चाकं मॉलच्या फरशीवर पळतात आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात. आपल्याकडे निदान सात-आठ इंची, रबराचा किंवा फोमचा थर असलेली चाकं घ्या. हवेची मोठी चाकं खड्ड्यांत सगळ्यांत मऊ चालतात, पण रस्त्याकडेच्या वेड्या बाभळीचा एक काटा पुरतो. पंक्चर सायकलवाला काढून देतो म्हणा. तरी कंबर तलावाकडे रोज फेरी असणाऱ्यांना आम्ही फोमचीच सुचवतो. पुढची चाकं फिरती हवीत आणि खडबडीत जागी ती सरळ लॉक करता यायला हवीत.

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या दिवसांत मुलांना सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावरच बाहेर काढा. ऊन लागू नये म्हणून अनेक जण गाडीवर टॉवेल किंवा पातळ चादर पांघरतात. कृपया हे करू नका. आत हवा खेळायची थांबते, बघता बघता भट्टी होते आणि तुम्हाला मूलही दिसत नाही. पुढे ओढता येणारं छत आणि त्यामागे जाळीची खिडकी असलेली गाडी घ्या. दोन सीटना दोन वेगळी छतं असली तर उत्तम, कारण सूर्य दोघांच्या तोंडावर एकाच वेळी येत नाही. काळं कापड फोटोत छान दिसतं, उन्हात तापतं. गाडी उन्हात उभी होती तर पट्ट्याचं बक्कल आधी आपल्या हाताला लावून बघा.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत डबल गाडी नेऊच नका. त्या गर्दीत तान्हं छातीशी बांधलेलं बरं आणि थोरलं खांद्यावर.

ब्रेक, पट्टे, घडी

पट्टा पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवर, दोन कंबरेला, एक पायांमधून. ब्रेक एकाच पायाने लागावा आणि तो चाकाला खरंच जखडतो का हे उतारावर बघा. आमच्या दाराशी उतार आहे, तिथे आम्ही दाखवतो.

गाडी उघडताना-मिटताना मुलं दोन हात लांब ठेवा. २००९ साली अमेरिकेत सुमारे दहा लाख बाबागाड्या बिजागरीत लेकरांची बोटं सापडल्यामुळे परत बोलवाव्या लागल्या होत्या, काहींची बोटांची टोकं तुटली होती. बिजागरीवर झाकण आहे ना, हे स्वतः बोट फिरवून पाहा.

धुळीने चाकं करकरू लागली तर खोबरेल किंवा मशीनचं तेल सोडू नका, त्यावर आणखी धूळ बसते. ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारा.

काहींना आम्ही परत पाठवतो

थोरलं अडीचच्या पुढे असेल आणि बऱ्यापैकी चालत असेल तर डबल गाडीवर पैसे घालू नका, असं आम्ही तोंडावर सांगतो. साध्या एकेरी गाडीला मागे जोडायची उभं राहायची फळी मिळते, बहुतेक फळ्या वीस किलोपर्यंत वजन पेलतात. थोरलं चालतं, दमलं की फळीवर उभं राहतं. गाडी रिक्षातही बसते, डबल मात्र घडी घालूनही रिक्षात तुमच्या गुडघ्यांवरच येते. फळी घेण्याआधी ती तुमच्या गाडीच्या दांड्याला बसते का, ते बघायला गाडीच घेऊन या.

जुळी असतील किंवा दोघांत दीड-दोन वर्षांचंच अंतर असेल तर डबल गाडी वसूल होते. जुनी, कोणाची वापरलेली मिळत असेल तरी हरकत नाही. बक्कल पहिल्या दणक्यात लागतं का आणि घडीचं कुलूप आपोआप सुटत नाही ना, एवढं तपासा. विकत न घेताही आमच्याकडे आणून दाखवलीत तरी चालेल.

नवीन घेताना त्या मॉडेलची पुढची चाकं सुटी मिळतात का हे आधी विचारा, सगळ्यांत आधी तीच झिजतात. येताना तीन मापं कागदावर लिहून आणा: दाराची मोकळी रुंदी, लिफ्टचं दार आणि आतली जागा, डिकीची लांबी-रुंदी-उंची. मुलांनाही आणा, झोपेची वेळ टाळून.