'रंकाळ्यावर'चं इंग्रजी

पाचवीच्या वह्या तपासताना हे वाक्य दरवर्षी भेटतं : 'वी एट भेळ ऑन रंकाळा.' चूक आहे, पण पोरानं डोकं लावलंय. कोल्हापुरात आपण रंकाळ्यावर, म्हणजे तलावाच्या काठी, भेळ खातो, स्टँडवर पाहुण्यांना आणायला जातो. आपलं हे 'वर' ठिकाण सांगतं. इंग्रजी 'ऑन' मात्र पाण्याच्या पृष्ठभागावर नेऊन बसवतं. तिथं 'ॲट' लागतं.

हजारेक वर्षांपूर्वीची इंग्रजीही आपल्यासारखी प्रत्ययांची भाषा होती. राजा 'क्युनिंग', राजाचा 'क्युनिंगेस', राजाला 'क्युनिंगे'. 'ऑन', 'ॲट'सारखी प्रिपोझिशन तेव्हाही होती, पण विभक्तीच्या जोडीनं. बोलताना जोर शब्दाच्या सुरुवातीला, त्यामुळे शेवटचे स्वर पुसट होत गेले. डेन्मार्ककडून येऊन इंग्लंडच्या उत्तरेत वसलेल्या डेन लोकांशी रोजचा व्यवहार करताना ते आणखी झिजले, असं बरेच अभ्यासक मानतात. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच आली, इंग्रजीचं जुनं लेखनवळण मोडलं आणि झीज कागदावरही दिसू लागली. प्रत्ययांचं काम 'ऑफ', 'टू', 'बाय', 'विथ' यांच्या अंगावर पडलं. 'किंग्ज क्राउन'मधला 'एस' तेवढा त्या 'क्युनिंगेस'मधून उरला.

'विथ'ची गोष्ट मला फार आवडते. त्याचा मूळ अर्थ 'विरुद्ध'. सोबतीसाठी 'मिड' होता, तो आता 'मिडवाइफ'मध्ये सापडतो : बाळंतिणीसोबत असणारी बाई. 'अमंग' म्हणजे मुळात 'घोळक्यात'. आपलं 'मुळे' असंच 'मूळ'मधून आलं, 'कडे' हे 'कड' म्हणजे बाजू यातून. दोन्हीकडे नामंच झिजून मदतनीस झाली. इंग्रजीत ती शब्दाच्या पुढे उभी राहिली, मराठीत मागे चिकटली.

दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं. इंग्रजी व्याकरणाचा साचा तेव्हापासून आपल्या ओळखीचा झाला, आणि शाळेत प्रिपोझिशनसमोर शब्दयोगी अव्यय लिहिलं गेलं. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० मध्ये सुरू झालं; राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये आली. जोड्या मात्र त्याच राहिल्या : 'वर' म्हणजे ऑन, 'शी' म्हणजे विथ. मग 'तिच्याशी लग्न केलं'चं 'मॅरीड विथ हर' होतं. तिथं इंग्रजीला प्रिपोझिशन लागतच नाही.

म्हणून मी जोड्या फळ्यावर लिहिणं सोडलंय. आधी विचारते, "भेळ पाण्यावर खाल्लीस का रे?"

"नाही बाई, कट्ट्यावर बसून."

कट्ट्याला 'ऑन' चालतं, रंकाळ्याला 'ॲट'. त्यानं स्वतःच खोडून लिहिलं.