हवा दाबायची मजुरी : इलेक्ट्रिक सुपरचार्जर आला कुठून?

कुरियरने आलेल्या खोक्यात एवढंच होतं : तीन इंची नळकांड्यात बसवलेला काळा प्लॅस्टिकचा पंखा, त्यातून निघालेल्या लाल आणि काळ्या वायरी, दोन रबरी जोड, चार होज क्लिपा आणि बॉनेटवर चिकटवायला एक चंदेरी स्टिकर. मित्राने हा 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर' दीड हजारात मागवला होता, बाराशे सीसीच्या जुन्या हॅचबॅकसाठी. जाहिरातीत पिकअप वाढेल असं म्हटलं होतं आणि ॲव्हरेजही. बसवून आठवडा झाल्यावर तो म्हणाला, "अरे, फरक आहे. आवाजावरूनच कळतं."

आवाज होता, यात वाद नाही. बाकीचं नीट कळायला जरा मागे जावं लागतं. कारण गंमत अशी की इलेक्ट्रिक सुपरचार्जर नावाची खरी वस्तू अस्तित्वात आहे, मोठ्या कंपन्यांच्या महागड्या गाड्यांत ती बसते आणि चालतेही. हा पंखा तिच्या नावावर विकला जातो.

इंजिनची अडचण पेट्रोलची नसते, हवेची असते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं, पण हवा पिस्टन खाली जाताना जेवढी आत येईल तेवढीच. त्याच सिलिंडरात जास्त हवा कोंबली, तर जास्त पेट्रोल जाळता येतं आणि ताकद वाढते. मात्र हवा दाबणं हे काम आहे आणि त्याची मजुरी कुणाला तरी द्यावीच लागते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र आणि त्याचा सगळा इतिहास म्हणजे ही मजुरी कुणाच्या खिशातून काढायची, याचाच शोध आहे.

सुरुवात गाडीपासून होत नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी रूट्स नावाच्या दोन भावांची, फिलँडर आणि फ्रान्सिस यांची, लोकरीची गिरणी होती. गिरणीच्या पाणचक्कीसाठी त्यांनी एकमेकांत गुंतून फिरणारे दोन लाकडी रोटर बनवले. गोष्ट अशी सांगतात की पाण्याने लाकूड फुगलं आणि यंत्र अडकलं, म्हणून त्यांनी ते कोरडंच फिरवून पाहिलं, तर त्यातून हवेचा जोरदार झोत आला. पाण्याचं चाक म्हणून फसलेलं यंत्र भट्टीचा भाता म्हणून मात्र उत्तम ठरलं. १८६० साली त्यांनी पेटंट घेतलं आणि ओतशाळांत, खाणींत रूट्सचे ब्लोअर घरघरू लागले. हवा मुबलक, दाब बेताचा. भट्टीला तेवढा पुरतो.

१८८५ मध्ये गॉटलिब डाइमलरने इंजिनात दाबलेली हवा भरण्याच्या कल्पनेचं जर्मन पेटंट घेतलं. वेगळा पंप न लावता पिस्टनच्या खालच्या बाजूनेच हवा दाबून घ्यायची, असा त्याचा विचार होता. मोटारगाडी अजून जन्माला यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. रस्त्यावर हे यायला मात्र पहिलं महायुद्ध संपावं लागलं. विमान उंच गेलं की हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकतं, म्हणून युद्धात हवा दाबण्याच्या यंत्रांवर पैसा ओतला गेला. तिथली शिकवण घेऊन १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडिजने सुपरचार्जर बसवलेल्या गाड्या मांडल्या.

त्या गाड्यांची नावं मला फार आवडतात. पुढे एकीचं नाव झालं ६/२५/४०. पहिला आकडा करासाठीच्या अश्वशक्तीचा, दुसरा सुपरचार्जर बंद असतानाच्या ताकदीचा, तिसरा चालू असतानाच्या. म्हणजे ताकद २५ वरून ४०. हिशेब नावातच, झाकपाक नाही. पॅडल तळापर्यंत दाबलं की क्लच गुंतायचा, ब्लोअर किंचाळायला लागायचा आणि थोडाच वेळ हा प्रकार चालवायचा, असा दंडक होता. मजुरी क्रँकशाफ्टकडून, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या इंजिनच्या मुख्य दांड्याकडून, वसूल व्हायची. इंजिन आधी ब्लोअर फिरवायला स्वतःची ताकद खर्च करणार, मग त्याहून जास्त परत मिळवणार. बेंटलीच्या गाजलेल्या 'ब्लोअर' गाड्यांना कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचाच विरोध होता, तो काही उगाच नाही.

दुसरा खिसा शोधला स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने. सायलेन्सरमधून जो गरम धूर वाया जातो, त्याच्यावरच चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबायची. पेटंट १९०५ चं. यश यायला वीस वर्षं गेली. १९२० च्या दशकात दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना हे बसवलं आणि १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० द्यायला लागलं. हाच टर्बो. तोही अगदी फुकटात काम करत नाही, पण मजुरी बरीचशी भंगारातून निघते. मोटारींत तो १९६२ मध्ये अमेरिकेत आला, सत्तरच्या दशकात युरोपात रुळला आणि डिझेलबरोबर आपल्याकडे इतका पसरला, की आज मालवाहू टेम्पोच्या मागेही 'टर्बो' लिहिलेलं दिसतं.

टर्बोचं एक दुखणं मात्र जुनंच. धूर पुरेसा जमेपर्यंत चाक वेग घेत नाही. पाय दाबला तरी गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबते. हा 'लॅग' घालवायला नाना उपाय झाले. २००५ च्या सुमारास फोक्सवागनने एकाच १.४ लिटर इंजिनाला खालच्या वेगासाठी इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर आणि वरच्या वेगासाठी टर्बो, असे दोन्ही लावले. चाललं, पण लोखंडही वाढलं आणि किंमतही.

मग तिसरा खिसा, बॅटरीचा. इथे विजेचा हिशेब आडवा येतो आणि तोच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून आकडे मांडू. मित्राचीच गाडी घ्या. बाराशे सीसी, मिनिटाला ६००० फेरे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं, म्हणजे मिनिटाला ३६०० लिटर, सेकंदाला ६० लिटर. घर्षण वगैरे वजा जाता पन्नासेक धरा. या हवेला वातावरणाच्या दाबावर आणखी एक तृतीयांश, म्हणजे ५ पीएसआय (चौरस इंचाला ५ पौंड) दाब द्यायचा, तर बऱ्यापैकी कॉम्प्रेसर (हवा दाबणारं यंत्र) आणि चांगली मोटर धरूनही चार किलोवॅटच्या आसपास वीज लागते. बारा व्होल्टच्या गाडीत याचा अर्थ सुमारे ३०० अँपिअर. छोट्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, सगळं मिळून ६० ते ९० अँपिअर देतो. स्टार्टर मारताना दिवे कसे मंदावतात आठवा. तसा, किंबहुना त्याहून मोठा भार ओव्हरटेक संपेपर्यंत चालू ठेवायचा.

म्हणून मोठ्या कंपन्यांनी आधी वीज बदलली. २०११ मध्ये ऑडी, बीएमडब्ल्यू, डाइमलर, पोर्शे आणि फोक्सवागन यांनी ४८ व्होल्टची समान व्यवस्था आणायचं ठरवलं. ४८ च का, तर डीसी ६० व्होल्टच्या पुढे गेलं की शॉकपासून बचावाचे कडक नियम लागतात, त्याच्या आत राहून जेवढं जास्त मिळेल तेवढं घेतलं. त्याच वर्षअखेरीस गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या व्हॅलिओ कंपनीने ब्रिटनच्या कंट्रोल्ड पॉवर टेक्नॉलॉजीजकडून विजेवर चालणाऱ्या सुपरचार्जरचं तंत्र विकत घेतलं. आणि २०१६ मध्ये ऑडी एसक्यू७ आली : चार लिटरचं व्ही-८ डिझेल, दोन टर्बो आणि त्यांच्या जोडीला विजेचा कॉम्प्रेसर. सात किलोवॅटची मोटर, पाव सेकंदाच्या आत मिनिटाला ७०,००० फेरे, डिकीच्या तळाशी वेगळी लिथियम बॅटरी. पाठोपाठ मर्सिडिजने सहा सिलिंडरच्या नव्या पेट्रोल इंजिनावर असाच कॉम्प्रेसर बसवला.

आता यातली खोच बघा. एवढा खर्च करूनही ऑडीचा कॉम्प्रेसर सतत चालत नाही. टर्बो जागा होईपर्यंतची मधली फट तो भरतो आणि बाजूला होतो. १९२१ च्या मर्सिडिजसारखाच, थोडाच वेळ. सात किलोवॅट ४८ व्होल्टवर खेचायचे तरी दीडशे अँपिअर होतात. कुठल्याही गाडीत हे कायम परवडणारं नाही.

आणि दीड हजाराचा पंखा? त्याचा वंश या घराण्यात नाहीच. त्याचे भाईबंद आहेत बोटींत. पेट्रोल इंजिनाच्या बोटीच्या तळाला, इंजिनाच्या कप्प्यात, पेट्रोलची वाफ साचते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे आपोआप बाहेर जात नाही. म्हणून किल्ली फिरवण्याआधी निदान चार मिनिटं तिथला ब्लोअर चालवून वाफ बाहेर काढायची, अशी अमेरिकेत बोटवाल्यांना ताकीद असते. तीन-चार इंची नळी, बारा व्होल्ट, चार-पाच अँपिअर. बिचारा आपलं काम चोख करतो आणि जीव वाचवतो. ऑनलाइन बाजार सुरू झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की नळीचा व्यास गाडीच्या एअर इनटेकशी जुळतो आणि व्होल्टेजही तेच. नवं स्टिकर लागलं, किंमत वाढली. पुढे ओतीव प्लॅस्टिकच्या नकला निघाल्या आणि त्याही स्वस्त झाल्या.

विक्रेते हवेच्या प्रवाहाचा आकडा मोठ्या अक्षरात देतात, तिथे फसायला होतं. आकडा खरा असू शकतो, पण तो मोकळ्या हवेत मोजलेला असतो, पुढे काहीच अडथळा नसताना. इंजिन म्हणजे मोकळी हवा नव्हे. पंख्याचा स्वभाव असा की प्रवाह पूर्ण तेव्हा दाब शून्य आणि तोंड बंद केलं की दाब जास्तीत जास्त. इंजिनला दोन्ही एकदम हवं असतं.

आम्ही हे करून पाहिलं. गवंडी लेव्हल धरायला जी पारदर्शक नळी वापरतात तिचा यू आकार करून अर्धं पाणी भरलं आणि तिचं एक टोक पंख्याच्या तोंडावरच्या झाकणात घट्ट बसवलं. पंखा बॅटरीला जोडला. मीटरवर पाच अँपिअर, म्हणजे ६० वॅट. पाणी दीड इंच चढलं आणि थांबलं. ५ पीएसआय असते तर पाणी साडेअकरा फूट चढलं असतं, तेवढी नळी आमच्याकडे नव्हती आणि तेवढं छतही. झाकण थोडं सैल केलं तर ते दीड इंचही उतरून पाणी दोन्हीकडे सारखं झालं.

दीड इंच पाणी म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. गाडी दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून तळमजल्यावर आणली तर हवेचा दाब जेवढा वाढेल, साधारण तेवढाच. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना इंजिन याच्या पंधरापट दाब गमावतं आणि आपण गिअर टाकून निवांत चढतो. बरं, हा अर्धा टक्काही कोंडलेल्या तोंडावरचा. जोरात चालणारं इंजिन पंख्यापेक्षा जास्त हवा ओढू लागलं की पंखा इनटेकमधला अडसर होतो. शिवाय ते ६० वॅटही अल्टरनेटरमार्गे इंजिनकडूनच येतात.

मग फरक जाणवतो कसा? काही किटबरोबर एक छोटा रेझिस्टर येतो आणि त्याला 'परफॉर्मन्स चिप' म्हणतात. तो इनटेकच्या तापमानाच्या सेन्सरला जोडतात. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, वाटतं की हवा थंड आहे, म्हणून ते पेट्रोल वाढवतं. गाडी थोडी वेगळी वागते, ॲव्हरेज मात्र घसरतं. कधी बसवताना जुना मळका एअर फिल्टरही बदलला जातो आणि श्रेय पंख्याला मिळतं. आणि बाकी राहतो तो आवाज. कानाला जोर ऐकू आला की पाठीलाही तो जाणवतो, यात मित्राचा एकट्याचा दोष नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरावर उपकरणं वर्षानुवर्षं तपासली, मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. तरी बाजार चालूच आहे.

नुसतं निरुपयोगी असतं तरी चाललं असतं. पंखा एअर फिल्टरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला बसवतात. बॉनेटखालच्या उष्णतेत प्लॅस्टिकचं पातं तडकलं तर तुकडा थेट थ्रॉटलमधून व्हॉल्व्हकडे जातो, अडवायला मध्ये काही नाही. आमच्या गॅरेजवाल्या दादांनी पंखा हातात फिरवून बघितला आणि एवढंच विचारलं, "साहेब, इंजिनचं हेड उघडायचा खर्च माहितेय ना?"

खरे इलेक्ट्रिक सुपरचार्जर बाहेरून बसवून मिळतच नाहीत असं नाही. पण त्यांच्यासोबत स्वतंत्र बॅटऱ्या येतात, बोटाएवढ्या जाड केबली येतात आणि इंधनाचं ट्यूनिंग नव्याने करावं लागतं. दाब काही सेकंद मिळतो, मग बॅटरी भरेपर्यंत थांबायचं. किंमत जुन्या हॅचबॅकच्या किमतीशी स्पर्धा करणारी. मोठ्या कंपन्या दरम्यान आणखी पुढे सरकल्या आहेत. २०२२ च्या मर्सिडिज-एएमजी सी४३ मध्ये आणि २०२४ च्या पोर्शे ९११ जीटीएसमध्ये मोटर थेट टर्बोच्या दांड्यावरच बसवली आहे. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ ते २०२५ या काळात होती तशीच. पोर्शेमध्ये तर ती ४०० व्होल्टवर चालते आणि धूर जास्त झाला की उलट वीज परतही देते.

मित्राने शेवटी पंखा काढला. पण टाकला नाही, टाकणाऱ्यांतला तो नाहीच. जानेवारीत त्यांच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. गोवऱ्या ओलसर होत्या, आगटी धुमसत होती, सगळे डोळे चोळत बसलेले. त्याने डिकीतून पंखा काढला, पुढे हातभर पत्र्याची नळी अडकवली आणि वायरी ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावल्या. दोन मिनिटांत आगटी लालबुंद झाली.