सेंट थॉमस कॅथेड्रल, मुंबई

मुंबईच्या फोर्ट भागात, हॉर्निमन सर्कलच्या पश्चिमेला वीर नरिमन मार्गावर असलेले चर्च. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील हे पहिले अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचे) चर्च असून २५ डिसेंबर १७१८ रोजी नाताळच्या दिवशी ते उपासनेसाठी खुले झाले. आज ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मुंबई धर्मप्रांतात मोडते आणि तिथे दर रविवारी नियमाने उपासना होते. चर्चगेट स्टेशनवरून रोज लाखो माणसे ये-जा करतात, त्या स्टेशनच्या नावातले चर्च ते हेच. कोटाच्या तटबंदीचा जो दरवाजा या चर्चकडे जाई त्याला चर्च गेट म्हणत. १८६० नंतरच्या दशकात तटबंदी पाडली गेली तेव्हा हा दरवाजाही गेला. तो आजच्या फ्लोरा फाउंटनच्या आसपास होता.

चर्चची कल्पना गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याची. १६६८ मध्ये मुंबई कंपनीच्या ताब्यात आली, पण इंग्रजांची प्रार्थना किल्ल्यातल्या एका खोलीत होत असे. ऑन्जियरने वर्गणी जमवून बांधकामाला हात घातला. १६७७ मध्ये सुरतेत त्याचा मृत्यू झाला आणि काम रखडले. अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षे तशाच उभ्या होत्या. जमलेला पैसा नंतरचा एक गव्हर्नर जॉन चाइल्ड याने स्वतःकडे वळवला, असा आरोप त्या काळात या किनाऱ्यावर वावरलेला कप्तान अलेक्झांडर हॅमिल्टन याने लिहून ठेवला आहे. काम पुन्हा सुरू झाले ते १७१४ मध्ये आलेल्या रिचर्ड कॉब या चॅप्लेनमुळे, म्हणजे कंपनीच्या धर्मगुरूमुळे. त्याने प्रवचनातून लोकांना लाजवले, नव्याने वर्गणी गोळा केली आणि जुन्या भिंतींवरच इमारत पूर्ण करून घेतली.

उद्घाटनाच्या त्या नाताळाला गव्हर्नर चार्ल्स बून हजर होता. पण मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे नाव दुसरेच आहे. रामा कामाठी (रामा कामत) हा शेणवी समाजातला मुंबईतील धनाढ्य व्यापारी. कंपनीकडे त्याचे मोठे वजन होते, आणि वाळकेश्वरचे मंदिर १७१५ मध्ये त्यानेच नव्याने उभारले. तो आपल्या जातभाईंना घेऊन समारंभाला आला. उपासनेतली शिस्त आणि टापटीप त्यांना इतकी आवडली की ती संपेपर्यंत ते सगळे तिथेच उभे राहिले, असे कॉबने कौतुकाने नोंदवले आहे. त्याच वर्षी बूनची खांदेरीवरची मोहीम फसली होती. कान्होजी आंग्र्यांपुढे कंपनीचे काही चालत नव्हते आणि मुंबईत संशयाचे वातावरण होते. दोनच वर्षांत, १७२० मध्ये, आंग्र्यांशी गुप्त संधान बांधल्याचा ठपका रामा कामाठीवर ठेवण्यात आला. खटला चालला, मालमत्ता जप्त झाली आणि तो तुरुंगात गेला. १७२८ मध्ये कैदेतच त्याचा अंत झाला. ज्या पत्रांवर आरोप उभा होता ती बनावट होती, हे पुढे उघड झाले. चर्चमध्ये गव्हर्नरांचे आणि कप्तानांचे संगमरवरी गौरव जागोजागी आहेत. त्या पहिल्या दिवशी बाहेरून येऊन शेवटपर्यंत थांबलेल्या या माणसाचे स्मरणही शहराने आवर्जून करायला हवे.

१८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन झाला. थॉमस कार हे पहिले बिशप झाले आणि बिशपचे पीठ इथे आल्याने चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. मग पश्चिमेकडचे जुने बसके घंटाघर काढून घड्याळाचा उंच मनोरा चढवण्यात आला. १८६० नंतर वेदीकडचा भाग वाढवला गेला. इमारत एका घडणीची नाही ती यामुळेच: मूळ अंग साधे आणि जाड भिंतींचे, तर वेदीकडची बाजू गॉथिक वळणाची, रंगीत काचांच्या खिडक्यांची. पश्चिम दारासमोरचे नक्षीदार कारंजे इंग्लंडमधील वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याच्या आराखड्यानुसार बनले आणि त्याचा खर्च कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराने उचलला.

आतल्या स्मारकांसाठी सवड काढून जावे. १७९५ ते १८११ या काळातील गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या स्मारकावर काशी आणि काठेवाडातील बालहत्येची चाल बंद करण्याच्या त्याच्या प्रयत्नांचा उल्लेख कोरलेला आहे. टिपू सुलतानाच्या वेढ्यात मंगळूर लढवणारा आणि त्यानंतर लगेच १७८४ मध्ये मुंबईत मरण पावलेला जॉन कॅम्बेल याचेही स्मारक इथे आहे. बाकीच्या फलकांवर खलाशी, कारकून, तरुण बायका आणि लहान मुले भेटतात. त्यांची वये वाचत गेले की या बेटाची हवा तेव्हा किती जीवघेणी होती ते इतिहासाच्या पुस्तकापेक्षा स्पष्ट कळते.

एकेकाळी मुंबईतली अंतरे या चर्चपासून मोजत. रस्त्याकडेला काळ्या दगडाचे मैलाचे खांब बसवलेले होते आणि त्यांवर सेंट थॉमस चर्चपासूनचे मैल रोमन आकड्यांत कोरलेले होते. रस्त्यांची उंची वाढत गेली तसे यांतले बरेच दगड पदपथाखाली गाडले गेले. अलीकडच्या वर्षांत त्यांपैकी अनेक शोधून काढून महापालिकेने त्यांची डागडुजी केली. काळबादेवी, परळ, दादर या वाटांवर ते पाहायला मिळतात.

चर्चच्या गायकवृंदासाठी सुरू झालेल्या शिक्षणातूनच फोर्टमधील कॅथेड्रल शाळेचा उगम झाला. १९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि हे कॅथेड्रल त्यात सामील झाले. पुढे छप्पर, भिंती आणि काचांचे जतनकाम हाती घेण्यात आले व २००४ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार मिळाला. चर्च वापरात असल्याने हे काम वस्तुसंग्रहालयाच्या पद्धतीने करून चालणार नव्हते. बाके, वेदी आणि ऑर्गन हे सगळे उपासनेसाठीच राहिले. इतर वेळी पर्यटकांना आत जाता येते. उपासना चालू असताना मात्र फोटो काढत फिरू नये, मागच्या बाकावर शांत बसावे.