किती टीबी? की किती वेगाची? : फोटोवाल्यांच्या बाहेरच्या ड्राइव्हची पार्श्वभूमी

लॅपटॉपसाठी बाहेरची ड्राइव्ह घ्यायची म्हटलं की फोटोवाल्यांचा पहिला प्रश्न ‘किती टीबीची?’ हाच असतो. बरीच वर्षं तेवढा प्रश्न पुरेसा होता, कारण या ड्राइव्हचं काम गोदामाचं होतं. फोटो लॅपटॉपमध्ये उतरवायचे, तिथेच एडिट करायचे, काम झालं की बाहेर नेऊन ठेवायचे. ठेवलेला माल रोज कोण हलवतो? वेग कमी असला तरी कुणाचं अडत नव्हतं.

वेगाची गरज आधी जाणवली ती फोटोशॉपवाल्यांना. 1990 साली आलेला हा प्रोग्राम मेमरी कमी पडली की डिस्कवरची जागा वापरतो. तिला स्क्रॅच डिस्क म्हणतात. ती वेगळ्या डिस्कवर ठेवा, हा सल्ला जुना आहे. पण लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा कुठली! आणि बाहेर जोडावी, तर 1998 च्या यूएसबी 1.1 मधून सेकंदाला 12 मेगाबिट, म्हणजे फार तर दीड एमबी माल जायचा. म्हणून फोटो-व्हिडिओवाले 400 मेगाबिटच्या फायरवायर या दुसऱ्या जोडणीला धरून राहिले. 2000 साली आलेली यूएसबी 2.0 कागदावर 480 मेगाबिटची होती. प्रत्यक्षात सेकंदाला 30-40 एमबी मिळाले तरी खूप. शिवाय तिच्या पोर्टमधून वीज मिळायची अडीच वॉट, त्यामुळे काही डिस्क नुसत्याच कटकट आवाज करत बसायच्या. दोन तोंडांची केबल लावून दोन पोर्ट अडवायचा उपाय ज्यांनी केलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तरीही भागत होतं. 2003 च्या कॅनन 300डीची 6 मेगापिक्सेलची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरचा कच्चा डेटा, साधारण 7 एमबीची; हजार फोटो काढले तरी 7 जीबी.

खरं गणित बदललं 2012 मध्ये. त्या वर्षी निकॉनचा डी800 आला, 36 मेगापिक्सेलचा. त्याची रॉ फाइल सेटिंगप्रमाणे 30 ते 75 एमबीची. त्याच वर्षी ॲपलने रेटिना पडद्याचा पातळ मॅकबुक प्रो काढला. त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये 256 जीबीची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह) होती, तर शेजारीच विकल्या जाणाऱ्या जाड मॉडेलमध्ये 500 जीबीची हार्ड डिस्क. म्हणजे फाइल फुगली आणि लॅपटॉपच्या आतली जागा निम्म्यावर आली. फोटो आत मावेनात, तेव्हा एडिटिंगच बाहेरच्या ड्राइव्हवर गेलं. गोदामात वर्कशॉप थाटावं तसं.

यूएसबी 3.0 तोवर आली होती, 2008 चीच ती, 5 गिगाबिटची. पण तिला जोडायची काय, तर मिनिटाला 5400 फेऱ्यांची तीच अडीच इंची डिस्क. ती स्वतःच सेकंदाला सव्वाशे एमबीच्या आसपास देते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यातही हा आकडा एक मोठी फाइल सलग वाचतानाचा. लाइटरूम या फोटो निवडायच्या-एडिट करायच्या प्रोग्राममध्ये फोटो भराभर चाळताना सलग वाचन नसतंच. इथला प्रिव्ह्यू (फोटोची छोटी प्रत), तिथली कॅटलॉगमधली (लाइटरूमच्या फोटोंच्या वहीतली) नोंद, असे शेकडो छोटे तुकडे उचलायचे असतात. प्रत्येक वेळी डिस्कचं हेड योग्य ट्रॅकवर न्यायचं आणि तबकडी फिरून तो भाग खाली येईपर्यंत थांबायचं. यात 15 ते 20 मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम 50-60 तुकडे. एसएसडीत फिरणारं काही नाही. हेच काम तिथे मिलिसेकंदाच्या एका अंशात होतं. माझ्या मते खोक्यावर छापलेल्या एमबीपेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे, आणि खोक्यावर तो सहसा छापलेला नसतो.

यावर सॉफ्टवेअरकडूनही एक तोड निघाली. 2013 च्या लाइटरूम 5 मध्ये स्मार्ट प्रिव्ह्यू आले : लांब बाजूला 2540 पिक्सेलची, आकाराने हलकी प्रत लॅपटॉपवर ठेवायची आणि मूळ फाइलची ड्राइव्ह न जोडताही एडिट करायचं. कॅटलॉग व प्रिव्ह्यू आतल्या एसएसडीवर आणि मूळ रॉ फाइली बाहेर, ही मांडणी आजही टिकून आहे. 2015 मध्ये सॅमसंगची टी1 आली. अशा खिशात मावणाऱ्या एसएसडी मिळू लागल्यावर चालू कामाच्या रॉ फाइलींचाही प्रश्न सुटला.

नावांचा घोळ मात्र तिथूनच वाढला. 2008 ची यूएसबी 3.0 पुढे 3.1 जेन 1 झाली, मग 3.2 जेन 1. वेग तोच, 5 गिगाबिट. बारसं तेवढं तीनदा झालं. 2014 च्या टाइप-सीने तोंड एकसारखं केलं, पण वेग नाही. फोनच्या चार्जरबरोबरची टाइप-सी केबल बहुधा यूएसबी 2.0 चीच असते. ती लावली की सेकंदाला हजार एमबी देणारी एसएसडीही 40 वर येते, आणि दोष ड्राइव्हला जातो.

स्वस्त एसएसडीची आणखी एक खोड : सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने घेते, मग आतला वेगवान राखीव भाग भरला की मंदावते. दोन-चार फाइली टाकून पाहताना हे कळत नाही, पूर्ण कार्ड उतरवताना कळतं.

काम संपलेल्या फोटोंचा हिशेब वेगळा. एसएसडीच्या फ्लॅश चिपमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज नसताना तो हळूहळू गळतो. लेखनाची मर्यादा संपलेल्या साध्या एसएसडीने विजेविना 30 अंश तापमानात एक वर्ष माहिती राखावी, एवढीच मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह त्याहून बरीच जास्त टिकते, तरी कपाटात वर्षानुवर्षं ठेवायच्या प्रतीसाठी लोक अजून फिरती डिस्कच घेतात. मोठ्या क्षमतेच्या अडीच इंची डिस्कमध्ये हल्ली ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. बॅकअपला ते चालतं. कॅटलॉग मात्र अशा डिस्कवर ठेवू नये.